कुंडीतले रोप, शेतातली अफू आणि कायद्याचा तराजू

या महिन्याचा विषय थोडा काटेरी आहे: नशा देणाऱ्या वनस्पती आणि बुरशी वाढवण्यावर सरकारने बंदी घालावी का? पत्रे आली ती मात्र वेगळीच. ‘घालावी का’ हे विचारणारे थोडे, ‘आमच्याकडे उगवलंय, आता काय करू’ असे विचारणारे जास्त. म्हणून आधी कुंडी आणि शेत, वाद नंतर. उत्तरे तिघांनी मिळून दिली आहेत: एक फौजदारी वकील, वनस्पतिशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापिका आणि एक मानसोपचारतज्ज्ञ. जिथे त्यांचे पटले नाही तिथे तसे लिहिले आहे. कायद्याचे पूर्ण नाव ‘गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५’. पोलीस ठाण्यापासून कोर्टापर्यंत त्याला एनडीपीएस म्हणतात, आम्हीही तेच म्हणू.

माझ्या १९ वर्षांच्या मुलाने बाल्कनीत दोन कुंड्यांत गांजाची रोपे लावली आहेत. ‘एक किलोपर्यंत काही होत नाही, दोन रोपांना कोण विचारतंय’ असे तो म्हणतो. फ्लॅट माझ्या नावावर आहे. (एक आई, वाकड)

ताई, मुलाला एक किलोचा आकडा बरोबर माहीत आहे, अर्थ मात्र उलटा. केंद्र सरकारच्या १९ ऑक्टोबर २००१ च्या अधिसूचनेत प्रत्येक अमली पदार्थाचे ‘अल्प’ आणि ‘व्यापारी’ प्रमाण ठरवले आहे. गांजासाठी ते १ किलो आणि २० किलो, चरससाठी १०० ग्रॅम आणि १ किलो, अफूसाठी २५ ग्रॅम आणि अडीच किलो. अल्प प्रमाण म्हणजे माफी नव्हे. त्याला एक वर्षापर्यंत कैद, किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि हे सगळे तयार गांजा जवळ बाळगण्याबद्दल.

झाड लावणे हा वेगळा गुन्हा आहे. तो कलम २० च्या पहिल्याच पोटकलमात येतो आणि तिथे किलो-ग्रॅम नाहीतच. ‘कॅनाबिसचे (म्हणजे गांजाचे) कोणतेही झाड’ लावले की १० वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि १ लाखापर्यंत दंड. रोप एक असो की एकरभर, कलम तेच. हिशेब असा विचित्र होतो की ९०० ग्रॅम गांजा विकत आणून कपाटात ठेवणाऱ्याला कमाल एक वर्ष आणि वीतभर रोप कुंडीत लावणाऱ्याला कमाल दहा. दोन रोपांना कोर्ट दहा वर्षे देईल असे नाही, पण गुन्हा नोंदणे, अटक, जामीन आणि नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत निघणारा गुन्हा हे शिक्षेच्या आधीच येऊन जाते.

तुमच्यापुरता मुद्दा कलम २५ चा. घराच्या मालकाने किंवा राहणाऱ्याने घराचा असा वापर ‘जाणीवपूर्वक’ होऊ दिला, तर त्यालाही त्याच गुन्ह्याची शिक्षा लागू होते. तुम्हाला कळले आहे, तेव्हा ‘मला माहीत नव्हते’ ही वाट आता बंद.

म्हणून पुढचे पाऊल वकिलाकडे, आणि तेही या आठवड्यात. तोवर कुंड्या गाडीत घालून कुठे नेऊ नका, सोसायटीच्या खतखड्ड्यात टाकू नका, शेजाऱ्याकडे ठेवू नका. हलवाहलवीत वाहतूक आणि ताबा असे आणखी मुद्दे निघतात आणि सोसायटीच्या गेटवर कॅमेरा असतोच. रोपांचे काय करायचे हे छापील सदरात सांगण्याजोगे नाही, ते वकिलाशी समोरासमोर बसून ठरवा.

दुसरी बाजू मुलाची. तो ओढतो का, किती, केव्हापासून हे शांतपणे विचारा. ‘कुठून बी आणलंस’ हा प्रश्न सुरुवातीला नको, त्याने तोंड मिटते. रोज ओढणे, सकाळी उठल्या उठल्या लागणे, झोप-भूक बिघडणे, अभ्यास सुटणे यांपैकी काही असेल तर उपचाराकडे वळा. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे, आणि पुण्यात १९८६ पासून चालणारे मुक्तांगण आहे. कलम ६४-अ नुसार स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यातून सूट मिळू शकते, पण ती सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यांपुरती. लागवड त्यात लिहिलेली नाही.

दिवाळीत अनारसे केल्यावर ताटातली उरलेली खसखस मी तुळशीशेजारच्या कुंडीत झटकली. आता तिथे निळसर हिरवी रोपे आली आहेत. नात म्हणते, आजी ही अफू आहे. (एक आजी, कोथरूड)

आजी, नातीचे बरोबर असण्याची शक्यता बरीच आहे. खसखस म्हणजे अफूच्याच झाडाचे बी. कायद्याने बी वगळले आहे. बोंडाचा चुरा, देठ हे सगळे ‘पॉपी स्ट्रॉ’ म्हणून बंदीत येते आणि व्याख्येतच ‘बिया सोडून’ असे म्हटले आहे. म्हणून वाण्याकडची खसखस कायदेशीर. ती पेरली की मात्र कायदा बदलतो. सगळीच खसखस रुजत नाही, पण ताजी, न भाजलेली असेल आणि नोव्हेंबरच्या गारव्यात ओल मिळाली, तर रुजते.

ओळख अशी. अफूचे पान मेण लावल्यासारखे, राखट निळसर हिरवे. वरच्या पानांना देठ नसतो, पानाचा तळ खोडाला मिठी मारतो. खोड गुळगुळीत, लव नाहीच किंवा अगदी तुरळक. बोंड गोटीपासून लिंबाएवढे, त्याच्यावर चपटी, किरणांची टोपी. नर्सरीत थंडीला मिळणारी शर्ली पॉपी किंवा आइसलँड पॉपी वेगळी: खोडावर राठ लव, पाने फाटलेली, बोंड लहान. कॅलिफोर्निया पॉपीची पाने तर गाजराच्या पाल्यासारखी बारीक. या तिन्ही लावायला हरकत नाही.

तुमची रोपे चार बोटांची आहेत असे लिहिले आहे. पहिल्या वर्णनाशी जुळत असतील तर आजच उपटून टाका. अनवधानाने सांडलेल्या बियांतून आलेले रोप आणि केलेली लागवड यांत फरक आहे, पण तो फरक फुले-बोंडे येईपर्यंत पाणी घालत राहिल्यावर पटवून देणे कठीण. पुढच्या वर्षी ताट सिंकमध्ये धुवा.

सासवडजवळची आमची तीन एकर जमीन अर्धेलीने दिली आहे. वर्षातून दोनदा जाणे होते. पुणे जिल्ह्यात कांद्या-लसणात अफू आणि उसात गांजा सापडल्याच्या बातम्या वाचून झोप उडाली आहे. मालक म्हणून माझी जबाबदारी किती? (एक वाचक, सहकारनगर)

कलम ४६ थेट तुमच्यासारख्यांसाठी आहे. जमीनधारकाने आपल्या जमिनीतली बेकायदा अफू, गांजा किंवा कोका याची खबर ताबडतोब पोलिसांना किंवा अधिकार असलेल्या खात्याला दिली पाहिजे. जाणूनबुजून न दिली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. कलम ४७ हीच जबाबदारी सरपंच, पंच आणि गावकामगारांवर टाकते. माहीत असून होऊ दिले असे दिसले तर पुन्हा कलम २५. सगळा भर ‘माहीत असणे’ यावर आहे. त्यामुळे उघडे डोळे ठेवणाऱ्यापेक्षा डोळेझाक करणारा जास्त अडकतो, कारण सातबाऱ्यावर नाव त्याचेच.

वर्षातून दोनदा जाणे पुरत नाही. अफू ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात पेरतात, जानेवारी-फेब्रुवारीत फुलते, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोंडांना चिरा मारून चीक काढतात. पांढरी-जांभळी फुले लपत नाहीत, म्हणून जानेवारीअखेरची एक फेरी ठरवूनच टाका. त्या फेरीत कडेने फिरू नका, पिकाच्या मधून चाला. अशी लागवड कडेला कधीच नसते, ती उसाच्या, मक्याच्या, तुरीच्या चार-पाच ओळी आत असते. ई-पीक पाहणीतले फोटो आणि नोंद तुमच्या पिकाशी जुळते का तेही बघा. वाटेकऱ्याशी साधा लेखी करार असू द्या, त्यात पिकांची नावे घाला.

गांजा ओळखताना पुण्याकडे दोन घोळ होतात. पहिला अंबाडीचा. भाजीची अंबाडी, विशेषतः जिचे दोर काढतात ती, पानाने गांजासारखीच दिसते, इतकी की तिच्या शास्त्रीय नावातच ‘कॅनाबिनस’ आहे. फरक हाताने कळतो. अंबाडीचे पान एकच असते, खोलवर कापलेले, तर गांजाच्या पानात पाच ते नऊ सुट्या पर्णिका देठाच्या टोकाला एकत्र जुळलेल्या असतात. अंबाडीचे पान चावले तर आंबट, खोडाला बारीक काटे, फूल मोठे पिवळसर आणि आत गर्द लाल डोळा. गांजाला पाकळ्यांचे फूल येतच नाही, चुरगळल्यावर उग्र वास येतो.

दुसरा घोळ तागाचा. हिरवळीच्या खतासाठी एकरी २० ते २५ किलो पेरून फुलोऱ्यात, म्हणजे ४५-५० दिवसांनी गाडतात तो ताग. बियाण्याच्या पोत्यावर ‘सनहेम्प’ छापलेले असते आणि ‘हेम्प’, म्हणजे गांजाच्या झाडाचे इंग्रजी नाव, वाचून लोक दचकतात. तो शेंगवर्गातला, पिवळ्या फुलांचा. त्याचा गांजाशी काहीही संबंध नाही.

खरेच काही सापडले तर उपटू नका. कुंडीतल्या खसखशीच्या रोपाला जे सांगितले ते इथे लागू नाही. दुसऱ्याने केलेली लागवड तुम्ही उपटली की पुरावा गेला, आणि उपटलेला माल तुमच्या हातात असताना कोणी आले तर ताबा तुमचा. लांबून फोटो घ्या, ठिकाण आणि वेळ फोटोवर येऊ द्या. त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. अर्जात गट नंबर, क्षेत्र, वाटेकऱ्याचे नाव आणि तुम्ही केव्हा पाहिले ते असावे. पोच घ्या, शिक्क्यासह. ठाण्यात जाणे अवघड वाटत असेल तर ११२ किंवा अमली पदार्थांबाबतची राष्ट्रीय हेल्पलाइन १९३३ आहे, पण फोन केला तरी लेखी अर्ज सोडू नका. सहा महिन्यांनी ‘ताबडतोब खबर दिली होती’ हे दाखवायला तोच कागद लागतो.

मांजरीत मी शेडमध्ये धिंगरी मशरूमचे बेड लावते. या वेळी काही बेडमधून बारीक, लांब देठाचे, काळे पडून वितळणारे मशरूम आले. शेजारच्यांनी ‘हे नशेचे मशरूम’ अशी आवई उठवली आहे. मशरूमवर बंदी आहे का? (एक उद्योजिका, मांजरी)

ते कोप्रिनस, म्हणजे शाईछत्री. नशेशी संबंध नाही, तो तुमच्या बेडातला तण आहे. देठ लांब, टोपी घंटेसारखी, एक-दोन दिवसांत काळ्या शाईसारखी ओघळते, हीच खूण. काड जास्त ओले राहिले किंवा कोंबडखत-युरियामुळे अमोनिया साठला की तो येतो. धिंगरीला खत लागतच नाही. काड भिजवण्याच्या १०० लिटर पाण्यात साडेसात ग्रॅम कार्बेन्डाझिम आणि १२५ मिलि फॉर्मेलिन, १८ तास झाकून, मग निथळून. मूठ दाबल्यावर थेंब पडता कामा नये, तळवा फक्त ओलसर व्हावा. ओल्या काडाच्या वजनाच्या दोन टक्के स्पॉन, म्हणजे मशरूमचे बियाणे. चुकते ते बहुधा निथळण्यात: पावसाळ्यात काड दोन तासांत भरले जाते आणि मग एकतर शाईछत्री, नाहीतर हिरवी बुरशी. हिरवी बुरशी लागलेला बेड शेडच्या बाहेर न्या, आत उघडू नका.

आता कायदा. एनडीपीएसमध्ये लागवडीवर बंदी असलेल्या वनस्पती तीनच: कोका, अफू आणि कॅनाबिस. बुरशीचे नाव कुठेही नाही. कोडाईकनालच्या बाजूला शेणावर उगवणाऱ्या ज्या मशरूमची चर्चा होते, त्यातले सायलोसायबिन हे रसायन मात्र यादीत आहे. अल्प प्रमाण २ ग्रॅम, व्यापारी ५० ग्रॅम. म्हणजे बंदी रसायनावर, मशरूमवर नाही. जानेवारी २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयासमोर नेमके हेच आले. २२६ ग्रॅम मशरूम आणि ५० ग्रॅम कॅप्सूल जप्त झाल्या होत्या. भेसळीच्या मालात सगळे मिश्रण वजनात धरायचे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले होते. केरळच्या न्यायालयाने म्हटले की मशरूम हे मिश्रण नव्हे, ती नैसर्गिक बुरशी आहे, तेव्हा आत सायलोसायबिन किती हे मोजल्याशिवाय व्यापारी प्रमाण म्हणता येणार नाही. जामीन झाला. वाळलेल्या मशरूममध्ये हे रसायन साधारण अर्धा ते एक टक्का असते, म्हणजे पूर्ण वजन धरायचे की आतले, यावर शंभर ते दोनशे पटींचा फरक पडतो. पण हा जामिनाचा आदेश आहे, परवाना नव्हे. मशरूम जाणूनबुजून त्यासाठी वाढवले, वाळवले, विकले तर रसायन जवळ बाळगल्याचा गुन्हा उरतोच.

तुम्ही स्पॉन घेतल्याची पावती आणि बेडच्या तारखांची वही शेडमध्ये ठेवा. शेजाऱ्यांना एक पाव धिंगरी द्या, आवई आपोआप बसेल.

सरकारने एखादे झाड किंवा बुरशी वाढवण्यावर बंदी घालावीच का? तंबाखू चालते, मोहाची दारू चालते, धोतरा देवाला चालतो, मग गांजाचेच झाड गुन्हेगार कसे? (एक विद्यार्थी, गणेशखिंड रस्ता)

हा प्रश्न आमच्यात दीड तास चालला आणि पूर्ण मिटला नाही.

आधी बंदी आली कशी ते. १८९३-९४ मध्ये ब्रिटिश सरकारने हेम्प ड्रग्ज कमिशन नेमले होते. हजाराहून जास्त साक्षी तपासून त्यांनी सांगितले की माफक सेवनाचे दुष्परिणाम नगण्य आहेत, बंदी नको, परवाना आणि कर लावा. पुढे १९६१ चा संयुक्त राष्ट्रांचा करार झाला. त्यात कॅनाबिसच्या व्याख्येतून पाने आणि बिया वगळल्या गेल्या, त्यामागे भारताचा आग्रह होता, आणि भांग वाचली ती तिथेच. बाकीचे पारंपरिक सेवन २५ वर्षांत थांबवायचे ठरले. मुदत संपत आली आणि १४ नोव्हेंबर १९८५ पासून एनडीपीएस लागू झाला. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने कॅनाबिसला सर्वात कडक यादीतून काढले, २७ विरुद्ध २५ मतांनी. भारताने काढण्याच्या बाजूने मत दिले. देशातले कलम २० मात्र जिथे होते तिथेच.

आमच्या वकिलांचा मुद्दा तराजूचा. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे. शेंड्यांशिवाय असलेली पाने आणि बिया त्यात धरत नाहीत. प्रत्यक्ष पंचनाम्यात काय होते? झाड मुळासकट उपटतात, माती झटकतात किंवा झटकत नाहीत, गोणीत भरतात आणि काट्यावर चढवतात. ओल्या झाडात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी. ३० किलो ओले वजन वाळून साडेसात किलोच्या आत येते, त्यातून खोड, काड्या, पाने काढली की शेंडे दोन-अडीच किलो. पण कागदावर ३० किलो गांजा ताब्यात असे आले की ते व्यापारी प्रमाण. मग किमान शिक्षा १० वर्षे, आणि कलम ३७ मुळे आरोपी दोषी नाही असे मानायला वाजवी कारण दिसल्याशिवाय जामीन नाही. फुलोरा वेगळा न काढता हिरवा माल तोलला, या मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिलेले आहेत. पण उच्च न्यायालयापर्यंत जायला पैसा आणि महिने लागतात. वाटेकरी तिथवर पोचत नाही. वकिलांच्या मते झाडांसाठी अल्प आणि व्यापारी असे टप्पे कलमातच हवेत, जसे मालासाठी आहेत, आणि वजन वाळलेल्या शेंड्यांचेच हवे.

प्राध्यापिकाबाईंचे म्हणणे निराळे. बंदीला पर्याय मोकळीक नाही, परवाना आहे, आणि परवाना काय मागतो ते अफूच्या शेतात बघावे. मंदसौर, नीमच, रतलाम, चित्तोडगड, प्रतापगड इथे आणि उत्तर प्रदेशात थोडी अशी कायदेशीर अफू होते. ग्वाल्हेरच्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचा परवाना लागतो. प्लॉट दहा-बारा गुंठ्यांच्या आसपास, मोजून दिलेला. चीक रोज पहाटे खरवडायचा, रोजच्या रोज लंबरदारापुढे, म्हणजे गावात नेमलेल्या मुकादमापुढे, तोलून वहीत लिहायचा. हेक्टरी ४.२ किलो मॉर्फिन ही सरकारने लावलेली किमान अट, ती चुकली की पुढच्या वर्षी परवाना अडकतो. गारपीट झाली किंवा पोपटांनी बोंडे फोडली तर अर्ज करून पीक सरकारी देखरेखीत नांगरून टाकायचे. माल नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत. एवढे करूनही बोंडाच्या चुऱ्याची गळती होतेच. कॅनाबिसला असा परवाना कलम १४ खाली धागा आणि बियांसाठी देता येतो. उत्तराखंडाने तो दिला, अट टीएचसी (गांजातले नशा आणणारे रसायन) ०.३ टक्क्यांच्या आत राहण्याची. स्थानिक वाण ती मर्यादा ओलांडतात, ही तिथली खरी अडचण. बियाणे नसेल, तालुक्याच्या पातळीवर तपासणी नसेल, तर परवाना शेतकऱ्यासाठी सापळा होतो: पेरले कायदेशीर, काढले बेकायदा.

बंदी चालते का? कधीकधी चालते, तेही कबूल केले पाहिजे. अफगाणिस्तानात एप्रिल २०२२ ला तालिबानने अफूवर बंदी घातली. संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीत २०२२ चे २ लाख ३३ हजार हेक्टर २०२३ मध्ये १० हजार ८०० वर आले. किंमत शेतकऱ्यांनी मोजली, अफूविक्रीचे त्यांचे उत्पन्न ९० टक्क्यांहून जास्त घसरले, आणि त्याच वर्षी म्यानमार अफूचा सर्वात मोठा उत्पादक झाला.

याद्या करून बंदी घातली की बुरशी कशी निसटते त्याचे उदाहरण नेदरलँड्सचे. डिसेंबर २००८ पासून तिथे नशेच्या मशरूमच्या १८० हून जास्त जाती नावानिशी बंद झाल्या. त्याच बुरशीची जमिनीतली गाठ, ट्रफल म्हणून विकली जाणारी, यादीत नव्हती. दुकाने सुरूच राहिली, काउंटरवरचा डबा बदलला. उलट टोक थायलंडचे: जून २०२२ मध्ये कॅनाबिस यादीतून काढले, नियम नंतर करू म्हणाले, आणि जून २०२५ मध्ये परत डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणावे लागले. कॅनडाने २०१८ मध्ये घरटी चार झाडे आणि जर्मनीने एप्रिल २०२४ मध्ये प्रौढ माणशी तीन अशी संख्या ठरवली. कायदा वाचायला सोपा, आणि पोलिसाला काटा लागत नाही, मोजता येणे पुरे.

मानसोपचारतज्ज्ञांना घरटी झाडे मान्य नाहीत. त्यांचे कारण नीतीचे नाही, वयाचे आहे. गांजा वापरणाऱ्यांत साधारण दहातल्या एकाला व्यसन लागते, किशोरवयात सुरू केले तर प्रमाण वाढते. घरात आधीच कुणाला स्किझोफ्रेनिया असेल तर जास्त टीएचसीचा रोजचा वापर आजार लवकर ओढून आणू शकतो. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बापाची तीन झाडे आणि पंधरा वर्षांचा मुलगा यांच्यात कुलूप कुठले लावणार, हा त्यांचा प्रश्न. पण तुरुंग हा उपचार नाही हेही तेच सांगतात. त्यांची सूचना अशी की दोन-चार रोपांना दंड आणि सक्तीचे समुपदेशन असावे, विकण्यासाठी लावलेल्याला कैद. वकिलांना हे चालते. बाईंना ‘सक्तीचे’ हा शब्द चालत नाही.

तिघांचे एकमत झाले ते एवढ्यावर: कलम २० मध्ये एक रोप आणि एकरभर शेत यांना एकच कलम असणे चूक आहे. आणि झाडांवर कितीही कडक झालात तरी फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतून जे शेकडो किलो मेफेड्रोन हे कारखान्यात बनणारे अमली द्रव्य काढले, त्याला ना बी लागते ना माती. गोणीतले झाड मोजण्यात जाणारे मनुष्यबळ तिथे हवे.

धोतऱ्याबद्दल तुम्ही म्हणता ते खरे. तो गांजापेक्षा कितीतरी विषारी आणि त्यावर बंदी नाही. कारण कायदा विष मोजत नाही, व्यसन आणि व्यापार मोजतो. धोतरा एकदा खाल्लेला माणूस पुन्हा मागत नाही.

थोडक्यात

*बागेत धोतरा आहे, घरात चार वर्षांचा नातू आहे. (सदाशिव पेठ)* झाड ठेवा, काटेरी फळे हिरवी असतानाच काढा, हातमोजे घाला. रस लागलेले बोट डोळ्याला लागले तरी बाहुली मोठी होते. बी पोटात गेले तर तोंड कोरडे, अंग लाल आणि तापलेले, बाहुल्या विस्फारलेल्या, बरळणे, लघवी अडणे. ओकारी काढत बसू नका, फळाचा तुकडा पिशवीत घालून मुलाला थेट मोठ्या रुग्णालयात न्या.

*महाशिवरात्रीला भांग चालते ना? (येरवडा)* एनडीपीएस पानांना लागत नाही, पण १९४९ चा महाराष्ट्र दारूबंदी कायदा भांगेला लागतो. परवान्याशिवाय जवळ बाळगणे इथे गुन्हा आहे. बनारसच्या दुकानातले नियम पुण्यात आणू नका. आणि भांगेसाठी म्हणून झाड लावले तर ते कलम २० मध्येच, पाने तोडायची होती हे ऐकून घेतले जात नाही.

*ऑनलाइन हेम्पच्या बिया मिळतात. चटणीला घेऊ का? (बाणेर)* घ्या. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये हेम्पचे बी, तेल आणि पीठ अन्न म्हणून मान्य केले आहे. पाकिटावर परवाना क्रमांक बघा. तिळासारख्या मंद आचेवर भाजा, लगेच करपतात, मग लसूण, सुकी मिरची, मीठ. सोललेल्या बिया मिळाल्या तर बऱ्या, त्या रुजतही नाहीत.